मोजदाद

जानेवारीचा दुसरा शनिवार. दुलुथमध्ये उणे एकवीस.
दारावर पाटी: आज विक्री बंद, मोजणी चालू.
खाली अर्वोच्या किरट्या अक्षरात:
अगदीच पंप बंद पडला असेल तर दार ठोका.
कुणीतरी ठोकतंच.

आम्ही सहाजण, आणि एकेचाळीस हजार वस्तू.
मालकीण गुड्रुन वडिलांचा स्वेटर घालून येते,
डोनटचं खोकं उघडते आणि म्हणते,
"जे आहे ते लिहा. जे असायला हवं ते नको."
वर्षभराचं भाषण एवढंच.

वॉशर कुणी मोजत बसत नाही.
दहा तोलायचे, मग सगळे तोलायचे, मग भागाकार.
अर्वो मात्र एकेक मोजतो, मनातल्या मनात, फिनिशमध्ये;
आईच्या भाषेत आकडे चोरता येत नाहीत म्हणतो.
त्याची डावी करंगळी अर्धी आहे.
ती कुठल्याच वर्षी वजा दाखवलेली नाही.

ड्वेन दर शुक्रवारी दाढी करून येतो,
पगारवाढीचं विचारायचं म्हणून.
गुड्रुनला शुक्रवारीच बँकेत काम निघतं.
आज शनिवार, दाढी वाढलेली,
तेव्हा दोघं शेजारी बसून मजेत गॅस्केट मोजतायत.

मार्व्हेलकडे सतरा नंबरची रांग.
तिचा नवरा खाणीत होता तेव्हा
त्याच्याच कन्व्हेयरचे जोड ती इथून पाठवायची,
खोक्यावर कधीकधी पेन्सिलनं काहीबाही लिहून.
खाण बंद झाली. नवराही.
खणात बत्तीस जोड उरलेत,
पृथ्वीवरच्या दुसऱ्या कुठल्याच यंत्राला न बसणारे.
"भंगारात काढायचे?" पहिल्या वर्षी मी विचारलं होतं.
सगळे एकदम कॉफी प्यायला लागले.
आता मी नुसतं लिहिते: बत्तीस.

साडेअकराला दार वाजलं.
टेकडीवरच्या लाँड्रीचा पोरगा,
भुवयांवर बर्फ, हातात रुमालात गुंडाळलेला तुकडा.
उद्या वृद्धाश्रमाच्या चादरी आहेत, म्हणाला.
अर्वोनं तुकडा पाहिलाही नाही.
बोट आतून फिरवलं, जसं कुणी
बाळाच्या हिरडीवर दात आलाय का बघतं.
"एकोणतीस मिलिमीटर. आटे डावे. वरून तिसरा खण, मागे हात घाल."
मी हात घातला. होता.
बिल फाडता येईना, मशीन मोजणीसाठी बंद;
पोरानं खिशातली च्युइंगमची तीन पाकिटं काउंटरवर ठेवली.
ती आम्ही यादीत घेतली नाहीत.

चारला अंधार. सरोवराकडून वारा सुटला,
पत्रा कुरकुरू लागला.
शेवटचं खोकं पितळी फिटिंगचं.
अर्वोनं त्यातून एक नग उचलला,
दिव्याखाली धरला. मग तळहातावर.
मग चष्मा काढून पुन्हा.
त्याचं बोट आत गेलं, फिरलं, आणि थांबलं.
"हे काय आहे?" त्यानं विचारलं.

पाऊण इंची एल्बो.
चौतीस वर्षांत त्यानं विकलेत
या गावच्या प्रत्येक तळघरात एकेक पुरेल इतके.
माझ्या घरच्या सिंकखालीही एक आहे.

ड्वेननं रेडिओ हळू केला.
मार्व्हेल पेन्सिलला टोक काढू लागली,
टोक असलेल्या पेन्सिलला.
अर्वो अजून उभा, दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे
नाव आठवेपर्यंत हसून बघावं तसा.

गुड्रुन उठली. त्याच्या हातातून तो नग घेतला,
उलटसुलट केला, भुवया आवळल्या.
"मलाही कळत नाही," ती म्हणाली.
"काहीतरी जुनं असेल, बाबांच्या वेळचं."
आणि आमच्यासमोर, शाईनं, यादीत लिहिलं:
इतर. एक.

खोक्यात थंड कॉफी नव्हती, थर्मासमध्ये होती.
आम्ही सगळे एकदम ती प्यायला लागलो.