रफू

मिरजेच्या दवाखान्यात डॉक्टर शिरीन बागवान
उजेडाच्या पेटीवर माझा डावा गुडघा लावते
आणि विचारते, "मावशी, इथं कधी मार लागला होता?"

कधी म्हणजे.
शहाऐंशी साल, डिसेंबर, तासगावचं मैदान.
पाय जमिनीत रुतून राहिला
आणि बाकीची मी वळले.
आवाज झाला तो एकट्या मला ऐकू आला,
कोरा मांजरपाट फाडावा तसा.
वैजयंता ओरडली, "ऊठ की गं, शेवटची पाळी हाय!"
उठले.
एक गडी बाद केला, मग बसले.
मग तीन महिने आंबेहळद, तुरटी,
आत्याच्या हातचा चटका देणारा लेप,
आणि एक दिवस सगळे म्हणाले, भरून आलं.

आभाळ भरून येतं, डोळे भरून येतात,
पण ते रिकामे होतात.
गुडघा भरून आला तो तसाच राहिला.

शिरीन सांगते, "कूर्चा झिजलीय, ते तर दिसतंच.
पण नुसती झीज नाही ही.
आतलं अस्तर जाड झालंय, चिवट.
जुनी जखम सांधायला आलेल्या पेशी
काम संपल्यावर घरी गेल्या नाहीत.
धाग्यावर धागा घालत बसल्या."

मला हसूच आलं.
अगं, खणभागात दुकान आहे माझं,
फॉल, पिको, रफू. मला काय सांगतेस!
रफूची जागा बघ कधी बोट फिरवून.
भोक दिसत नाही, गिऱ्हाईक खूश,
पण तेवढं कापड अंगाबरोबर हलत नाही.
आपल्या वाटचा ताण
ते शेजारच्या सुतावर ढकलतं,
आणि वर्षा-दोन वर्षांनी
रफूच्या कडेकडेनं नवं फाटतं.

ती लिहिता लिहिता थांबली.
म्हणाली, "हो. असंच."

एकोणीसच्या पुरात दुकानात छातीएवढं पाणी होतं.
कृष्णा आठ दिवसांत परत गेली.
गाळ राहिला.
मशीन धुतलं, तेल पाजलं, ते चालू झालं,
पण शटरच्या खाचेतला गाळ वाळून दगड झालेला,
छिन्नी लावून काढला तरी
शटर अजून कमरेपाशी अडकतं.
सूज उतरते, डॉक्टर.
सुजेनं आणून टाकलेलं उतरत नाही.

"मग उसवून टाक की टाके."
"उसवले की पुन्हा जखम.
पुन्हा त्याच येतील, जास्त जोमानं.
कूर्चा परत नाही येणार, मावशी, खोटं नाही सांगत.
पण व्रण ऐकतो थोडा,
रोज सांगितलं तर."

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
आवटी सरांनाही नाही, वैजयंतालाही नाही.
खो-खोत एकदा दिशा घेतली
की खुंटापर्यंत मागं फिरायचं नसतं.
त्या दिवशी कवठेमहांकाळची ती बुटकी पोर
माझ्या पाठीमागून सटकली
आणि मी फिरले.
पंचांनी पाहिलं नाही.
पायानं पाहिलं.
तो नियमाला धरून राहिला
आणि छत्तीस वर्षं तसाच धरून आहे.

आता संध्याकाळी अर्धं शटर ओढून
स्टुलावर बसते, टॉवेलानं टाच मागं ओढते,
दहा मोजते, सोडते, पुन्हा ओढते.
आतून काहीतरी करकरतं.
सोमवारपेक्षा बोटभर जास्त वाकला,
की टॉवेलच सैल झाला, कोण जाणे.

मागं शाळेच्या मैदानात पोरी खेळत असतात.
त्यांचे चेहरे दिसत नाहीत इथून,
नुसती धूळ, आणि सरांची शिट्टी.

मग कुणीतरी कुणाच्या तरी पाठीवर थाप मारतं:
"खो!"

माझ्याआधी गुडघा उठतो.
मग त्याला आठवतं.