तांब्याचे दोन वायसर

छत्रपती चौकातून वळताना
पुढच्या ब्रेकची मूठ हँडलला टेकली.
टेकली म्हणजे पार टेकली,
बोटांखाली काही उरलंच नाही.
मागच्या ब्रेकवर, कडेच्या मुरमात
गाडी कशीबशी थांबली,
अन् टरबूजवाला म्हणाला,
"काऊन मॅडम, झोपून राहिल्या का?"

घरी पाहिलं: चाकावर ओघळ,
पाण्यासारखा, पण बुळबुळीत.
मडगार्डवर जिथे तो उतरला होता
तिथला लाल रंग
भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा सुटत होता.

हेडाऊ मिस्त्री फोनवर म्हणाले,
"नुसतं पुसू नका, आधी पाणी ओता त्याच्यावर.
अन् बाटली नवी घ्या, सीलबंद.
ते तेल हवेतलं पाणी पिते,
आपल्या मे महिन्यातही पिते."
मग जरा थांबून,
"पाइपाच्या नटाजवळ पहा.
मागं कोणी खोलला होता?"

कोणी खोलला होता ते मला माहीत होतं.
प्रज्योतनं, दिवाळीत,
अन् वीस रुपये वाचवायला
जुनेच वायसर परत बसवले होते.
तांबं एकदा चेपलं
की दुसऱ्यांदा तसं बसत नाही.

हे त्याला सांगता आलं असतं,
पण अकरा दिवस आमचं बोलणं बंद होतं.
कारण लहान होतं,
म्हणून जास्त लांबलं.

वायसर मी बदलले. तेल भरलं.
पण आत शिरलेली हवा
एकट्यानं निघत नाही:
एक हात मुठीवर लागतो,
एक निपलच्या पान्यावर.
आईला म्हटलं, त्याला सांग.
आईनं जिन्यातून हाक मारली.
तो आला, बनियनवर,
पायात आईचीच चप्पल.

दाब.
धर.
मी पाना पाव फेरा फिरवते.
पारदर्शक नळीतून उतरतं
कालच्या चहाच्या रंगाचं तेल,
मधे मधे बुडबुडे.
आवळलं. सोड.

दाब. धर.
त्यानं आधीच सोडलं.
सुर्रकन हवा परत आत.
"सांगायचं ना," तो म्हणाला.
"सांगतच तर होती."

पुन्हा पहिल्यापासून.
पंचवीस वेळा, तीस वेळा,
कुलरच्या पंप्याचा आवाज, घामाचे थेंब फरशीवर,
दाब, धर, सोड,
दुसरा एकही शब्द नाही.
नळीतलं तेल हळूहळू फिकट झालं,
अन् मूठ अर्ध्यावर येऊन
अडली, दगडासारखी.
त्यानं ती दोनदा उगाचच दाबून पाहिली.

मडगार्डकडे पाहून म्हणाला, "रंग?"
"राहू दे."

जुने वायसर आईनं उचलले,
धुतले, उन्हात वाळवले.
"चांगलं तांबं आहे, फेकता काऊन?"
गुंड्यांच्या डब्यात टाकले.

नटाखाली रात्रभर पेपर पसरून ठेवला.
तीन वाजता जाग आली,
कुलरमधलं पाणी संपलं होतं, नुसती गरम हवा.
खाली गेले पाहायला,
तर हा आधीच उकिडवा बसलेला,
मोबाइलचा उजेड चाकावर धरून.

"काय पाहून राहिला?"
"काही नाही."

पेपर कोरडा होता.
तरी तो बोटानं चाचपून पाहत होता,
अन् मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर
जराशी सरकून बसले,
शेजारी जागा राहील एवढी.