वाचू नये

तिसऱ्या दिवशी सकाळी मलम धुऊन काढतात,
मग मला बोलावतात.
मी ट्रॉली ढकलत येते. उजवं चाक कुरकुरतं,
वॉर्डातली माणसं मला त्या आवाजावरून ओळखतात.
पंखा बंद. खिडकी बंद.
खिडकीपलीकडे नागझरी, रास्ता पेठेतले हॉर्न,
ते काही माझ्या हातात नाहीत.

खाट अकरा. शेवंता ढमढेरे, वय सत्तेचाळीस.
नव्या पेठेत पोळीभाजीचे डबे,
एकशे दहा, बहुतेक स्पर्धा परीक्षावाली मुलं.
कढईचा कान निखळला.
तेल उजव्या हातावर, कोपरापासून बोटांपर्यंत,
थोडं गळ्याला.
"रविवारी त्यांची पूर्व आहे," ती म्हणते,
मला नव्हे, छताला.

हलायचं नाही हं मावशी, चाळीस सेकंद.
मी तिच्या डोळ्यांवर चष्मा चढवते.
"हसू का?"
फोटोच आहे ना शेवटी.
नको, म्हणते. श्वास घ्या, पण हळू.

लाल ठिपका हातावरून सरकत जातो,
खुरपणाऱ्या बाईसारखा, ओळ न सोडता.

इथं रंगांचा कायदा उलटा.
लाल म्हणजे रक्त पोचतंय, कातडी आपली आपण येईल.
पिवळा म्हणजे थांबा.
निळा म्हणजे मांडीवरून सोलून आणावी लागेल.
नातेवाईक लाल बघून रडतात
आणि निळ्याला म्हणतात, गार पडलंय वाटतं, बरं झालं.

फॉर्मवर तीन रकाने आहेत: वरवर, मध्यम, खोल.
शेवंताबाईंकडे जास्त शब्द आहेत.
"अंगठा नुसता पोळलाय. ही बोटं भाजली.
हे इथं होरपळलंय,
आणि मनगट करपलं बघा. वासावरून कळतं की."
पडद्यावर चित्र उतरलं.
अंगठा लालभडक, मनगटाची कड निळी.
एवढं महाग यंत्र, तिच्या मागून बोललं.

फक्त एक जागा.
कोपराखाली, आतल्या अंगाला,
जिथं मला लालच दिसायला हवं होतं
तिथं निळी अक्षरं.
अक्षरंच. शे. मग वं.
पुढचं जखमेत गेलेलं.

"माझंच नाव ते," ती म्हणाली.
"जत्रेत आईनं गोंदवलं, सात वर्षांची होते.
म्हणे हरवलीस तर कुणीतरी वाचून घरी आणेल."

मी पहिल्यांदा पडद्यावरून नजर काढली.

यंत्राला शाई कळत नाही.
गोंदणात शिरलेला उजेड परत येत नाही,
आणि जो परत आला नाही
तो थांबलेल्या रक्ताच्या खात्यात जमा होतो.
वहीत लिहिलं: गोंदण. ही जागा वाचू नये.
लिहिलं, आणि पेन तिथंच अडलं.
खोडलं.
दोनदा खोडलं, खालचं दिसू नये असं.
इथलं माप धरू नये, लिहिलं.
सही. दहा वीस.

डॉ. तांबोळी मॅडमनी चित्र पाहिलं, बाजूला ठेवलं,
आणि वाकल्या.
'वं'च्या शेजारी बोटानं दाबलं, सोडलं,
पांढरं पडलेलं भरतंय का बघत राहिल्या.
भरलं. सावकाश.
'ता'चं काही सांगता येत नाही अजून.
परवा पुन्हा लावू, म्हणाल्या.

चष्मा काढून घेताना शेवंताबाईंनी विचारलं,
"आला का नीट?"
हात अजिबात हलला नाही, म्हटलं.
"कसा हलेल," ती म्हणाली,
"तव्यावर असते तेव्हासुद्धा मी उगाच हलत नाही."

दाराशी एक मुलगा उभा होता,
हातात रिकामा डबा, घासून पुसून आणलेला.
मावशी कुठं आहेत?
पूर्ण नाव सांग.
दोन वर्षं जेवतोय तिच्याकडे, त्याला नाव येईना.
डबा या हातातून त्या हातात.

अकरा नंबर, म्हटलं,
आणि ट्रॉली वळवली.