काटकोन

मे महिन्याचे बावीस दिवस आमच्या घरी
कूलर किंवा सिरीयल, एकच काहीतरी चालायचं.

कूलर लावला की पाच मिनिटांत
पडद्यावरची सून अर्ध्या वाक्यात थिजायची,
तोंड उघडं, एक डोळा मिटत आलेला,
आणि कपाळावर ते फिरणारं चाक.
कूलर बंद केला की ती बोलायची
आणि आम्ही घामानं निथळत ऐकायचो.
पुष्पलता म्हणायची, समोरच्या वंजारीबाईंना
हे कालच कळलं.

एकतीस वर्षं मी टेलिफोन खात्यात केबल जॉइंटर.
सीताबर्डीच्या रस्त्याखाली
गुडघाभर पाण्यात बसून जोड्या जुळवलेला माणूस.
मी म्हटलं, व्होल्टेज. दुसरं काय असणार?
इतवारीतून स्टॅबिलायझर आणला.
राऊटर फ्रिजवर ठेवला, मग कपाटावर,
मग देव्हाऱ्यावर,
तिथून तो पुष्पलतानं काही न बोलता खाली आणला.
कंपनीतली पोरगी फोनवर म्हणाली,
सर, एकदा बंद करून चालू केलं का?
राग आला नाही.
मीही विचारायचोच लोकांना,
रिसीव्हर नीट ठेवलाय ना?

तेविसाव्या दिवशी, भर दुपारी,
हुडकेश्वर रोड तव्यासारखा तापलेला असताना
लोमेश हेडाऊ आला. तोंडाला दुपट्टा, पाठीला सॅक.
पाणी नको म्हणाला, आधी लाइन पाहतो.
तळहाताएवढं मीटर लावलं.
"मायनस अठ्ठावीस येऊन राह्यलं काका.
आता कूलर लावा."
लावला. मायनस एकतीस.

मग त्यानं वायरीवर बोट ठेवलं
आणि बोटामागोमाग चालत निघाला,
दारावरून, कॅलेंडरामागून,
खिडकीच्या चौकटीपर्यंत.
तिथे कूलरच्या थरथरत्या पत्र्याला टेकून
वायर काटकोनात वळली होती,
दोन्हीकडून क्लिपा ठोकून.
"हे कोणी केलं?"
आत भांड्यांचा आवाज थांबला.

मीच. एप्रिलात, कूलर चढवताना.
वळण असं द्यायचं
की साहेबानं गुण्या लावून पाहावा,
हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलेलं.
तांबं ऐकायचं. दाबाल तिथे बसायचं.

"यात तांबं नाही ना काका," लोमेश म्हणाला,
"काच आहे. केसाएवढी. आतून उजेड जाते.
उजेडाले कोपरा नाही चालत."

स्टुलावर बसून तो काच सोलू लागला,
कापसानं पुसू लागला, तान्ह्या पोराचं नाक पुसावं तशी.
मी विचारलं, खांबावरच्या मोठ्या केबलीत किती असतात?
"बारा. निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी..."
"राखाडी," मी म्हटलं.
त्यानं वर पाहिलं.
"पांढरा."
"लाल, काळा."
"पिवळा."
"जांभळा."
"गुलाबी, आकाशी," तो एकटाच म्हणाला.
ते दोन आमच्यात नव्हते.
आम्हाला दहा पुरायचे.

क्लिपा उपटल्या. वायर सैल सोडून
बांगडीहून मोठा वेढा केला,
भिंतीला एकाच खिळ्यावर टांगला.
कूलर चालूच. मायनस एकोणीस.
दोन ग्लास पन्हं पिऊन तो गेला,
जाताना म्हणाला, रंग बरोबर सांगितले तुम्ही.

रात्री नऊला सून बोलली. न अडखळता, सबंध वाक्य:
कपाटाची किल्ली माझ्याजवळच होती.
"एवढंच?" पुष्पलता म्हणाली,
आणि पुढचा भाग लावला.

वाळ्याचा ओला वास. पाठीला गार वारा.
मी टीव्हीकडे पाहतच नव्हतो.
भिंतीवर तो वेढा,
डावीकडे लोंबलेला, धड गोलही नाही.
आमच्या वेळी असल्या कामाला मेमो मिळाला असता.

"उठू नका," पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली.
मी हातोडीकडे पाहिलंही नव्हतं.
फक्त हातोडी कुठे ठेवली, ते आठवत होतो.