तुझ्याजवळ नसेल तर

बेलेंच्या धक्क्यावर, तिकीटखिडकीच्या मागच्या खोलीत
पंखा एका पात्यावर रुसून फिरतो
आणि एदिलामार लिहीत बसते
जिचं नावच चंद्र, त्या भाषेत. लुआ.
भरती-ओहोटीचं वेळापत्रक चंद्राच्या भाषेत,
हसतात लोक. तिला त्याचं काही नाही.
सव्वासहाची फेरी सव्वासहाला सुटावी, झालं.

भाषेचा संसार बेताचा. मोजकीच भांडी:
अक्षरं सांधायला स्ट्रिंग, आकड्यांना मॅथ,
किती वाजले ते ओएसला विचारायचं,
फाइल उघडून देतं आयओ,
मिटायची आठवण मात्र आपली आपण ठेवायची.
आणि एक कोरुटीन, अर्ध्यात थांबणारं काम,
त्याला ती मनातल्या मनात जेरोन्सिओ म्हणते.
असाईच्या टोपल्या उतरवता उतरवता
हा हमाल गप्पांना थांबतो,
हाक मारली की जिथं सोडली होती
त्याच टोपलीपासून पुढं.

मोजणी एकापासून.
साओ पावलोहून आलेल्या इंजिनिअर पोराला हे पटेना.
ती म्हणाली, शून्याव्या होडीत बसून
कोंबू बेटावर गेलंय का रे कुणी?

वर्ग नाहीत हिच्यात. आहे ते सगळं टेबल.
होडी टेबल, मार्ग टेबल, गाळाच्या जागा टेबल,
कॉफीचा डाग पडलेलं हे समोरचं तर आहेच.
फक्त एकाच्या कानात सांगून ठेवायचं:
तुझ्याजवळ नसेल तर
तिला विचार.

पहिली होडी तिनं बापाच्या वहीवरून लिहिली.
ओझेइयास, अडतीस वर्षं ग्वामा नदीवर,
अक्षर असं की कोंबडी शाईत पाय बुडवून चालली असावी.
होडीचं नाव ‘बेंचिवी’, त्या पिवळ्या पोटाच्या पाखराचं,
जे आपलंच नाव ओरडत फिरतं.
किती माणसं, किती डिझेल, भोंगा कसा द्यायचा,
सगळं तिच्यात.
मागून आलेल्या अकरा होड्यांनी
तिच्याकडे बोट दाखवलं आणि मोकळ्या झाल्या.

‘दोना फिलो’ला म्हणा, भोंगा दे.
ती स्वतःची पेटी उपसते, सापडत नाही,
‘बेंचिवी’ला विचारते.
आणि भोंगा वाजतो, शिकवण तिची,
गळा ‘दोना फिलो’चा.
कारण हाक मारताना एकाखाली एक दोन टिंबं दिली
की होडी स्वतःलाच बरोबर घेऊन जाते.
एकच दिलं तर भोंगा भांबावून विचारतो,
मी कुणाचा?
एदिलामारची एक अख्खी रात्र
त्या न दिलेल्या टिंबात गेली.

मार्चमध्ये कागद आला. ‘बेंचिवी’ भंगारात.
तळ सडलाय, इंजिनाला गिऱ्हाईक मिळालंय,
यादीतून नाव काढावे.
तिनं काढलं. एक ओळ लागली.
खालच्या सगळ्या एकेक जागा वर सरकल्या,
रांगेत पुढचा माणूस घरी गेल्यावर सरकतात तशा,
‘दोना फिलो’ एक नंबर झाली.
मग ती बाहेर गेली, तापिओकाची पोळी घेतली,
खाल्ली नाही.

झाडूवाला या भाषेत न बोलावता येतो.
कुणाचं बोट नाही असं जे जे पडलंय ते उचलतो,
जागा परत करतो, नोंद ठेवत नाही.
तिला वाटलं, आज येईल.

सव्वासहाला ‘दोना फिलो’ सुटली
आणि भोंगा वाजला.
इंजिनिअर पोरानं यादी वरून खाली पाहिली,
खालून वर पाहिली.
हा येतोय कुठून? काढलीत ना तुम्ही ती?

यादीतून काढली, ती म्हणाली.
अकरा जणी अजून तिलाच विचारतात.
तिनं पोळीचा गार तुकडा मोडला, अर्धा त्याला दिला,
आणि पंख्याच्या पात्याला
चिकटपट्टी शोधू लागली.