एक खुर्ची कमी

सकाळी दहाला ईमेल आली.
हडर्सफील्डमध्ये गारठा, काचेवर माझाच श्वास,
खाली कचऱ्याची गाडी
चढावर धापा टाकत होती.
ईमेल अदबशीर, जशा त्या असतात:
क्षेत्रीय कार्यालय बंद झाले आहे.
सामानाची यादी ताडून पाहिली.
प्लास्टिक खुर्च्या, पांढऱ्या. नोंद एक्केचाळीस, हजर चाळीस.
त्या काळात आपण प्रशासन अधिकारी होता.
कृपया खुलासा करावा.

होते खरी. स्वयंसेवक म्हणून, चौदा महिने,
कौन्सिलच्या पगार-खात्यात एकतीस वर्षं काढून झाल्यावर.
शेजारची डोरीन अजून लोकांना सांगते,
ही शांतता राखायला गेली होती.
मी कुठली शांतता राखते!
मी डिझेलचं रजिस्टर राखलं.
जनरेटरचे तास, टोनर, मच्छरदाण्या,
आणि एक किल्ल्यांचा जुडगा, ज्यातल्या दोन किल्ल्या
कुठल्या कुलपाच्या ते कुणालाच ठाऊक नव्हतं.
निळी टोपी सैनिकांना.
मला निळ्या शाईचं पॅड.

गाटलुआक ड्रायव्हर मला 'मॅडम कानी' म्हणायचा,
कर्णिक त्याच्या जिभेवरून घसरायचं.
एकदा रजेच्या अर्जात, कारणाच्या रकान्यात
त्याने लिहिलं: गाई शोधायला.
मी परत केला. छापील यादीत असं कारण नाही.
त्याने खोडून लिहिलं: कौटुंबिक.
मी शिक्का मारला.
आठ दिवसांनी आला, बोलला काही नाही,
गाडीची काच पुसत राहिला,
पुसलेलीच.

आणि न्याकुओथ.
रोज सातच्या आत फाटकाशी,
मुलाचं नाव कुठल्या यादीत आलंय का विचारायला.
त्या याद्या माझ्याकडे नव्हत्या.
माझ्याकडे खुर्च्यांची यादी होती.
दुपारपर्यंत सावली सरकत सरकत
तिला सोडून निघून जायची, ही उभीच.
एका मंगळवारी मी बैठकीच्या खोलीतून
एक खुर्ची उचलली आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवली.
फॉर्म भरला नाही.
एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

ती बसली नाही.
खांद्यावरच्या कापडाने खुर्ची पुसली,
पाय हलतात का पाहिलं,
फाटकाकडे नाही, रस्त्याकडे तोंड करून लावली,
आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसली.
गाटलुआकने तिचं बोलणं मला सांगितलं:
तो चालत येईल ना. दमलेला असेल.

त्या देशातली लढाईही खुर्चीपायीच होती,
म्हणजे आपल्याकडे म्हणतात त्या खुर्चीपायी.
बसायला टपलेले दोघे, खुर्ची एक.
ती कुठल्याच यादीत नव्हती,
तिचा खुलासा मला कुणी मागितला नाही.

डोरीन दूध घेऊन आली, स्क्रीनवर डोकावली.
नऊ पौंडांची असेल गं, देऊन टाक आणि मोकळी हो.
तिचं चुकत नाही. ती स्वतः बिलं महिन्याच्या एक तारखेला भरते.

गाटलुआकचा फोन लागत नाही.
तिथं आता पाऊस असेल, फाटक कुणी उपटून नेलं असेल.
प्लास्टिक टिकतं म्हणा.
प्लास्टिक तेवढं टिकतं.

फॉर्ममध्ये पर्याय चार:
मोडली, हरवली, चोरीस गेली, दुसऱ्या कार्यालयास दिली.
मी खाली इतरमध्ये लिहिलं: वापरात आहे.
लाल अक्षरांत उत्तर आलं,
या रकान्यात फक्त आकडा चालेल.

चहा निवला होता.
समोरच्या छपरावर कबुतरं बसली होती, मी ती उगाच मोजली,
मग आकडा टाकला.
एक्केचाळीस.