सतरावी कळी

बाळकुमच्या शाळेत, वरच्या हॉलमध्ये
दहा बाकं टोकाला टोक लावली
तरी छत्री पुरी मावेना,
दोऱ्यांचं शेपूट दाराबाहेर
पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं.

मला बोलावलं ते एका भोकासाठी.
कोपरीत माझं फॉल-पिकोचं दुकान,
पाटीवर लिहिलंय : अर्जंट, तासाभरात.
हे काम चार दिवस चाललं.

कडूकाकांची तीस वर्षं पॅराशूटच्या शेडमध्ये गेली.
आता बोटं थरथरतात
म्हणून ते हातांऐवजी तोंडाने काम करतात :
दोऱ्या अठ्ठावीस. गोअर अठ्ठावीस.
गोअर म्हणजे कळी हो, मी म्हटलं,
घागऱ्याला असते तीच.
असेल, म्हणाले. मोज.

सतराव्या कळीत ते भोक.
उसवलेलं नाही, उंदराचंही नाही.
कडेवरून बोट फिरवलं तेव्हाच कळलं,
कात्री शिंप्याची,
एका दमात चाललेली, कुठे अडखळली नाही.
इथे गळा. हे दोन मुंढे. खाली जरासा घेर.
सहा महिन्यांच्या बाळाचं झबलं
कुणीतरी यातून काढून नेलेलं.

काका खिडकीतून खाडीकडे बघत राहिले.
मग म्हणाले, कापड कंट्रोलवर होतं तेव्हाची असेल.
आमच्या आधीची माणसं सांगायची.
याच्यावर कुणी उडी मारली असती तर, असं
म्हणाले नाहीत. मीही नाही.
झबल्याचा आकार मी ब्राऊनपेपरवर उतरवून घेतला.
कशाला, ते त्यांनी विचारलं नाही.

चित्रकलेचे सर डोकावले.
आत थर्मोकोल भरा ना, म्हणाले,
बाहेरून फुगीर दिसलं की झालं,
काचेमागे कोण उघडून बघतंय.
काकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं
जसं मी पाहते, कुणी म्हटलं की
ताई, फॉल नुसता चिकटवून द्या.

शेडमध्ये साहेब कधीही यायचा, काका सांगत होते,
रांगेतल्या कुठल्याही बॅगेवर छडी ठेवायचा :
ही कुणी बांधली? तूच घाल. चल विमानात.
तीनदा छडी त्यांच्या बॅगेवर आली.
तिसऱ्यांदा उतरले ते कुणाच्या तरी हरभऱ्यात,
म्हातारी विळा घेऊन धावली,
जिवंत आहेस ना, मग भरून दे.

मी सॅटिनचा तुकडा लावला.
जुनं रेशीम सायीसारखं पिवळट,
त्यावर नवं पांढरंफटक दिसतं, दिसू दे.
शिलाई दुमडून चपटी घेतली.
काकांनी नखाने तपासली,
दोनदा उसवायला लावली.

मग घड्या.
चौदा डावीकडे, चौदा उजवीकडे,
मधली हवा तळव्याने पुढे ढकलत.
निऱ्याच या, तीस वर्षं घालते आहे,
पण निऱ्या घालायच्या त्या सुटू नयेत म्हणून
आणि या, सुटाव्यात म्हणून.
हे हाताला पटायला दुपार गेली.
शेवटचा टाका लाल कच्च्या दोऱ्याचा.
सवयीने मी गाठ पक्की मारली.
काढ, काका म्हणाले. हा तुटला पाहिजे.

खिशात एक कार्ड निघालं :
तारीख, सही, तारीख, सही,
मग रिकाम्या ओळी.
त्यांनी आपली सही केली, वेडीवाकडी,
आणि पेन माझ्यापुढे धरलं.
इतके ब्लाऊज शिवले, सही कशावरच केली नव्हती.
इंग्रजी रकान्यात मराठीत लिहिलं :
वैजयंती मढवी.

आता ती काचेमागे आहे, खाकी,
दोन उशा एकावर एक ठेवाव्यात एवढी.
सतरावी कळी कुठे आहे
ते आम्हा दोघांनाच सांगता येईल.

कार्डावर बारीक छापलंय : मुदत साठ दिवस.
एकसष्टाव्या दिवशी मी शटर वर करतेय
तोच फोन.
मढवीबाई, शाळेला सुट्टी लागली.
हॉल मोकळा आहे.
बाकं मी लावून घेतो, तुम्ही या सावकाश.

शटर अर्ध्यावर होतं.
तिथूनच खाली ओढलं.